उसवण्याची मुभा

विणलेली वस्तू आपल्यासमोर येते ती पुरी होऊन. पुरी होण्याआधी ती किती वेळा उसवली गेली हे वस्तू सांगत नाही, आणि विणणारा हातही सहसा सांगत नाही. क्रोशाकामाविषयी जे थोडेबहुत लिहिले जाते ते बहुधा नमुन्यांविषयी असते किंवा बाजाराविषयी. उसवण्याकडे एक चूक, एक नामुष्की म्हणून पाहण्याची रीत आहे. तंजावरच्या एका मराठी घरातील क्रोशाकाम मात्र वेगळाच विचार सुचविते: या कलेचे, आणि छंद या शब्दाचेही, मर्म कदाचित उसवण्यातच असावे.

गावात जिला मेल राजवीथी म्हणतात त्या रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका बोळात हे घर आहे. दाराशी तिण्णै, म्हणजे ओटा. उन्हे कलली की त्या ओट्यावर अक्का येऊन बसतात. सारी आळी त्यांना अक्काच म्हणते. मराठी घरे मराठी नाते म्हणून आणि तमिळ घरे तमिळ नाते म्हणून. आपला शब्द दुसऱ्याकडून आला आहे असे दोघांपैकी कोणालाच वाटत नाही. अक्कांचे वय अडुसष्ट. शाळेतील नोकरी संपून दहा वर्षे झाली. मांडीवर पितळेचा एक डबा, डब्यात पांढऱ्या सुती धाग्याचा गुंडा आणि पोलादी सुया. तंजावरच्या हवेत लोकरीला काम नाही. कावेरीच्या खोऱ्यातील क्रोशाकाम धाग्याचेच.

अक्का ही कला शिकल्या त्या शाळेतील हस्तव्यवसायाच्या तासाला, इंग्रजी पुस्तकावरून. तेथील नमुने संक्षिप्त अक्षरांत लिहिलेले असत. शिवाय त्यात एक घोटाळा होता. ज्या टाक्याला इंग्लंडची पुस्तके दुहेरी म्हणतात त्यालाच अमेरिकेची पुस्तके एकेरी म्हणतात. एकाच भाषेतील एकाच शब्दाची दोन मापे. नमुना कोठला आहे हे ठाऊक नसेल, तर रुमाल हवा त्याच्या दीडपट तरी होतो किंवा आवळून बसतो. पुढे नणंद लग्न होऊन पुण्याला गेली आणि तिने तेथून विणकामाचे एक मराठी पुस्तक पाठविले. त्यात टाक्यांची नावे होती साखळी, खांब आणि मुका खांब. ज्याला उंची नाही, जो उभा राहण्याआधीच मिटतो, तो मुका. या नावात माप नव्हते, वर्णन होते. म्हणून घोटाळाही नव्हता.

अक्कांना नागरी लिपी येत होती ती स्तोत्रांमुळे आणि दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेच्या परीक्षांमुळे. मराठी मात्र त्यांनी बोलली होती, वाचली नव्हती. घरातील हिशेब, पत्रे, पाककृती सारे तमिळ लिपीत. ज्या नगरीत बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरला गेला, आणि ज्या नगरीत सरफोजी राजांच्या छापखान्यातून १८०६ साली इसापनीतीचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने बाहेर पडले, त्या नगरीतील एका मराठी स्त्रीने अथपासून इतिपर्यंत वाचलेले पहिले मराठी गद्य हे असे होते: तीन साखळ्या घ्या, पुढच्या घरात एक खांब विणा, कडेपर्यंत असेच करीत जा. राज्य १८५५ साली खालसा झाले. त्यानंतर भाषा घरात राहिली, ग्रंथालयात राहिली, पण या दोहोंना जोडणारी वाट अरुंद होत गेली. एका बाईच्या वाट्याला ती वाट विणकामाच्या पुस्तकातून यावी, यात विनोद असेल, पण हीनता नाही.

येथे क्रोशाची एक यांत्रिक विशेषता समजून घेतली पाहिजे. दोन सुयांच्या विणकामात एका वेळी शंभर-दीडशे फास सुईवर जिवंत असतात. त्यांतला एखादा निसटला तर खालपर्यंत शिडी पडते. क्रोशाच्या नेहमीच्या विणीत सुईवर जिवंत फास एकच. बाकी सारे काम मागच्या मागे बंद होत गेलेले असते. त्या एका फासातून सुई काढून घेऊन धागा ओढला, तर महिन्याचे काम क्षणात पुन्हा धागा होते. कात्री लागत नाही, काही फाटत नाही. फार तर धाग्याला थोडे कुरळेपण राहते. पाण्यातून काढून वाळविला की तेही जाते. ही कला जितकी विणण्याची तितकीच उसवण्याची आहे, ती या कारणाने.

अक्कांनी आरंभीची वर्षे सर्वांनी विणावे तेच विणले: दाराचे तोरण, दूरचित्रवाणीच्या संचावरचे आच्छादन, नवरात्रात कोलूच्या पायऱ्यांवर अंथरायच्या पट्ट्यांना किनार. निवृत्तीनंतर त्यांना नवेपणाची ओढ लागली. चेन्नईत सुभाश्री नटराजन यांनी उभ्या केलेल्या क्रोशाप्रेमी स्त्रियांच्या समूहाने २०१६ साली ११,१४८.५ चौरस मीटरचे आच्छादन जोडून जागतिक विक्रम केला, त्याची बातमी त्यांनी कौतुकाने वाचली. पण मोठेपणाचा मोह त्यांना झाला नाही. त्यांना हवे होते ते दारातच होते. रोज पहाटे तांदळाच्या पिठाने त्या जे कोलम काढीत, ते धाग्यात उतरवायचे त्यांनी ठरविले.

हे कोलम म्हणजे ठिपक्यांभोवती वळसे घेत, स्वतःलाच छेदत पुन्हा आरंभाला येऊन मिळणारी रेषा. तमिळमध्ये त्याला सिक्कु कोलम म्हणतात; सिक्कु म्हणजे गुंता. या गुंत्यात शिस्त किती आहे हे मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट आणि राणी सिरोमनी यांनी १९७०च्या दशकात कोलमच्या आकृत्यांचे व्याकरण मांडून दाखविले. विद्वत्तेला क्रोशाही परका नाही. डायना तायमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठात अतिपरवलयी प्रतल चक्क क्रोशाने विणून विद्यार्थ्यांच्या हाती दिले. अक्कांना या दोहोंपैकी काहीही ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच ठाऊक होते की शेजारशेजारच्या दर दोन ठिपक्यांमध्ये रेषेने एकदा स्वतःला छेदायचे ठरविले, तर तीन ओळी आणि तीन स्तंभ घेऊन कोलम एका रेषेत पुरे होत नाही, तीन रेषा लागतात. तीन ओळी आणि चार स्तंभ घेतले तर एकच रेषा पुरते. क्रोशालाही एकच धागा आवडतो. तेव्हा तीन बाय चार.

पहिला प्रयत्न चौकटींच्या जाळीचा, काही घरे भरलेली, काही रिकामी. पण चौकटीच्या जाळीत वळसा वळसा राहात नाही, त्याच्या पायऱ्या होतात. आठ दिवसांचे काम उसवले. दुसऱ्या वेळी जाळीवर स्वतंत्र विणलेली दोरी टाचून पाहिली. आकृती बरोबर आली, पण ती विणलेली नव्हती, चिकटविलेली होती. तेही उसवले. तिसऱ्या वेळी बारा ठिपक्यांसाठी बारा बारीक चकत्या विणल्या आणि एकच साखळी त्यांना वळसे घालीत, स्पर्शाच्या जागी गुंतवीत पुढे नेली. येथे खरी अडचण आली. तीन बाय चारच्या कोलमात सतरा छेद असतात. रेषा एकदा वरून, पुढच्या छेदाला खालून, अशी गेली तरच वीण पक्की दिसते. खालून जायचे तर सुईवरचा एकुलता एक जिवंत फास सोडायचा, तो आधीच्या साखळीखालून ओढून घ्यायचा आणि त्याच्यामागून सारा गुंडाही न्यायचा. त्यासाठी अक्कांनी आगपेटीच्या काड्यांवर धाग्याच्या बारीक लडी गुंडाळल्या. फास मोकळा असतानाचा तो क्षण, सुई नाही आणि पकडही नाही, त्यांना सर्वांत आवडू लागला. एका पावसाळ्यात तो रुमाल त्यांनी अकरा वेळा उसवला. यजमान म्हणत, “अक्का, हे विणणे आहे की उसवणे?” (घरचे यजमानही आळीच्या सवयीने त्यांना अक्काच म्हणू लागले होते.) बाराव्या वेळी रेषा आरंभाला येऊन मिळाली.

तो रुमाल पाहुण्यांनी पाहिला, पाहुण्यांकडून एका दुकानदाराच्या कानी गेला. प्रवाशांना तंजावरची चित्रे, थाळ्या आणि मान डोलविणाऱ्या बाहुल्या विकणारे दुकान. त्याने चोवीस रुमाल मागितले, पोंगलच्या आधी. दर बरा होता. पैशांची गरज नव्हती असेही नव्हते. छपराची डागडुजी राहिली होती. अक्कांनी होकार दिला. आता आकृती ठरलेली, हात बसलेला. तीन दिवसांना एक रुमाल होऊ लागला.

नववा रुमाल पुरा झाल्यावर दिसले की अकराव्या आणि बाराव्या छेदाला साखळी लागोपाठ वरून गेली आहे. परीटघडी झालेल्या त्या वस्तूत हा दोष दुसऱ्या कोणाला दिसणे जवळजवळ अशक्य होते. उसवायचे तर दीड दिवस जाणार. वहीत प्रत्येक रुमालापुढे तारीख लिहिलेली होती. अक्कांनी बराच वेळ तो रुमाल मांडीवर ठेवला आणि मग घडी करून गठ्ठ्यात घातला. चोवीस रुमाल वेळेवर गेले. पैसे पुरते आणि वेळेवर आले. छप्पर दुरुस्त झाले. दुकानदाराने दुसरी मागणी नोंदविली, तेव्हा अक्कांनी हात जोडले. का, हे त्यांना नीट सांगता आले नाही. “ते विणणे निराळे,” एवढेच त्या म्हणाल्या.

हे निराळेपण काय, हे समजण्यासाठी तंजावरहून उत्तरेला गोदावरीच्या मुखाकडे जावे लागते. आंध्र प्रदेशातील नरसापूर येथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी हीच सुई आणि हाच धागा गरीब स्त्रियांच्या हाती दिला. त्यातून परदेशी जाणाऱ्या क्रोशाच्या मालाचा मोठा व्यवसाय उभा राहिला. २०२४ साली त्याला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. मारिया मीस यांनी नरसापूरच्या या कारागीर स्त्रियांवर १९८२ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास समाजशास्त्रात गाजला. त्यातले मुख्य निरीक्षण भाषेशी निगडित आहे. दिवसाचे कित्येक तास खपणाऱ्या या स्त्रियांना कामगार म्हटले जात नसे. त्या गृहिणी, आणि त्यांचे काम फावल्या वेळचे. फावला वेळ या एका शब्दप्रयोगाने त्यांचा मोबदला अल्प ठेवता आला, त्यांचे श्रम गणतीतून वगळता आले. नगावर मजुरी घेणाऱ्या बाईला उसवणे परवडत नाही. उसवलेल्या तासाचे कोणी काही देत नाही.

म्हणजे फावला वेळ हा शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी नांदतो, टाक्यांच्या त्या इंग्रजी नावासारखाच. नरसापुरात तो श्रम झाकतो. तंजावरच्या ओट्यावर तो खरा आहे. पण तो खरा असण्यामागे निवृत्तिवेतन आहे, डोक्यावर स्वतःचे छप्पर आहे. अक्कांनी मागणी नाकारली यात त्यागाचे काही नाही, आणि नरसापूरच्या बाईने ती स्वीकारली यात उणेपणाचे काही नाही. छंद श्रमापेक्षा थोर ठरत नाही. फरक असेल तर एवढाच की छंदात चूक झाली हे मान्य करण्याची आणि मागे जाण्याची मुभा माणसाजवळ असते, आणि ही मुभा सर्वांना मिळत नाही. ज्याला ती मिळाली आहे त्याने ती किती मोलाची आहे हे ओळखावे, एवढी अपेक्षा करता येते. अक्कांनी ती ओळखली, तीही नवव्या रुमालाच्या दीड दिवसात ती हातची गेली तेव्हा.

तो नववा रुमाल आता कोणत्या गावी कोणत्या टेबलावर असेल कोण जाणे. अक्कांनी नवे काम काढले आहे, पाच ओळींचे आणि सात स्तंभांचे. सतरा नव्हे, अठ्ठावन्न छेद. शेजारच्या तमिळ घरातली नऊ वर्षांची मुलगी शिकायला येते. अक्कांनी तिला पहिल्या दिवशी वीतभर साखळी विणायला लावली, मग सुई काढून घेतली आणि धागा ओढायला सांगितला. साखळी सरसर धागा होताना पाहून मुलगी आधी दचकली, मग हसली, आणि लगेच पुन्हा विणायला बसली. “साखळी” हा शब्द ती मराठीतच म्हणते. तिला तो क्रोशाचाच शब्द वाटतो.

पहिल्या कोलमचा तो मूळ रुमाल पितळेच्या डब्याच्या तळाशी आहे. त्याचे शेवटचे टोक अक्कांनी अजून आत ओवलेले नाही.