वल्ही घरी नेण्याचे दिवस

रत्नागिरीच्या राजिवड्यात होडी किनाऱ्याला लागली की मासळीच्या टोपलीमागोमाग वल्हीही खांद्यावरून घरी जायची. शीड गुंडाळून पडवीत, सुकाणू दाराआड. भाट्ये खाडीत मागे उरायची ती नुसती होडी. काजळी नदीच्या ओहोटीत वल्ह्यांविना ती नेणार कुठे? आणि नेलीच, तर पलीकडच्या काठावर पाय टेकायच्या आत कोणीतरी हटकायचंच, "ही तर अमक्याची होडी, तू कसा हिच्यात?" कुठली फळी बदललेली, कुठे नवा रंग मारलेला, हे काठावरच्या पोराटोरांनाही पाठ असायचं. गावातही तसंच. सायकलच्या मागच्या चाकाला कुलूप, स्कूटरचं हँडल वळवून लॉक, एवढ्यावर माणूस निर्धास्त झोपायचा.

चोऱ्या तेव्हाही व्हायच्या. जाळी जायची, नांगर जायचा. पण आता चोरण्यासारखं बरंच काही होडीवरच राहतं. छोट्या फायबर होडीचं आऊटबोर्ड मशीन दोघं मिळून सोडवून नेऊ शकतात. बॅटरी, डिझेल, मासे शोधायचं यंत्र हे सगळं वेगळंच. मिरकरवाडा बंदरात हंगामात खलाशी, त्यांतले कितीतरी नेपाळचे, रात्री बोटीवरच झोपतात. तोच मोठा पहारा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा ते आपापल्या गावी जातात आणि बोटी एकट्या पडतात. गाड्यांचंही तेच झालं. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि स्टेशनवर मोटारसायकल लावून चार दिवस मुंबईला जाणं अंगवळणी पडलं.

म्हणून मुठीएवढा, कुठेही हलवता येणारा अलार्म मला मनापासून आवडतो. फक्त तो जागा पाहून निवडावा. मोटारसायकलला धक्का ओळखणारा चालतो, डिस्क ब्रेकला अडकवायचा. तोच होडीवर लावला तर प्रत्येक लाटेला कोकलतो, आणि दोन रात्रींत मालकच तो बंद करून टाकतो. होडीला केबिनच्या दारावर चुंबकाचा स्विच बरा, नाहीतर मशीनमधून ओवलेली तार, तुटली की भोंगा वाजवणारी. खाऱ्या हवेने तांब्याची टोकं हिरवी पडतात, त्यांना ग्रीस हवं. सिमवाल्या अलार्मचं रिचार्ज तर ऐन पावसाळ्यात, गरज असते तेव्हाच, संपलेलं असतं.

होडी पळवणं किती भयंकर ठरू शकतं, हे २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवरच्या हल्ल्यासाठी दहशतवाद्यांनी पळवलेल्या पोरबंदरच्या 'कुबेर' बोटीने दाखवलं. त्यानंतर नोंदणी, ओळखपत्रं सारं कडक झालं. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरात एक लाख बोटींना ठावठिकाणा कळवणारे ट्रान्सपाँडर बसवायच्या योजनेची सुरुवात झाली. समुद्रातल्या बोटीसाठी ते मोलाचंच आहे. पण धक्क्याला बांधलेल्या बोटीवरची बॅटरी रात्री दोनला कोण काढतंय, हे त्याला कळत नाही; ते अलार्मच सांगतो.

सिमवाल्या अलार्ममध्ये बहुधा एकापेक्षा जास्त नंबर भरता येतात. लोक स्वतःचा भरतात, मग मुंबईतल्या भावाचा. माझं आग्रहाचं सांगणं आहे, पहिला नंबर धक्क्याजवळ झोपणाऱ्या शेजाऱ्याचा भरा, आणि भरण्याआधी त्याला विचारा, "रात्री वाजला तर उठशील ना?"