गंज आणि गोलाई

येळवशीला लातूरला गेलो होतो. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. त्या दिवशी आमचं शहर ओस पडतं आणि शिवार भरतं. कडब्याची कोप, भज्जी, आंबील, उंडे... पुण्यातल्या मित्रांना हे सांगून सांगून थकलोय. असो, आजचा विषय तो नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांना घेऊन ताईकडे नांदेडला निघालो. गाडी अण्णांचीच, २००८ ची हॅचबॅक, एमएच-२४. २०२३ ला पंधरा वर्षं भरली तेव्हा अण्णांनी आरटीओत खेपा घालून पाच वर्षं वाढवून आणली. मी म्हणालो होतो, विकून टाका आता. तर म्हणाले, "तुला काय खायाला मागती का ती?"

चाकूर मागे पडलं आणि पुढच्या डाव्या चाकातून आवाज सुरू झाला. खर्रर्र... खर्रर्र...

आता आपण पडलो सॉफ्टवेअरवाले. आधी लक्षणं लिहून काढायची. पॅड संपले असते तर ब्रेक दाबल्यावर आवाज बदलला असता, तो बदलत नव्हता. बेअरिंग गेलं असतं तर वेगाबरोबर घूंऽऽ वाढलं असतं, तेही नाही. हा सरळ पत्रा घासल्याचा आवाज. वळणावर वाढायचा, खड्ड्यात चाक आदळलं की मिनिटभर गप्प बसायचा. म्हणजे डेमोच्या वेळी हमखास न दिसणारा बग :-)

पुढे माळेगावला खंडोबाची यात्रा ऐन भरात. गर्दीतून गोगलगायीसारखं जाताना घोडे बघायला आलेली माणसं आमच्या गाडीकडे वळून बघत होती. अण्णा काचेबाहेर बघत गप्प.

नांदेडला दाजींच्या ओळखीच्या गॅरेजवर चाक उतरवलं. डिस्कच्या मागे एक गोल पत्रा असतो, डस्ट कव्हर म्हणतात त्याला. त्याची खालची कड गंजून पापडासारखी सुटली होती आणि डिस्कला घासत होती. मिस्त्री म्हणाला, "साहेब, कापून टाकतो. दहा मिनिटांचं काम. किती गाड्या बिगर पत्र्याच्या पळतात!"

खरं सांगतो, मला पटलं होतं. चालत नसलेली ओळ कॉमेंट करून टाकायची आणि पुढे जायचं, आम्ही हेच तर करतो. पण हाताशी मोकळा वेळ होता, म्हणून हा पत्रा नक्की करतो काय ते नीट पाहिलं. डिस्कच्या बाहेरच्या बाजूला निदान चाकाचा आडोसा असतो. आतली बाजू उघडी. पावसात चाकाने उडवलेलं पाणी, चिखल, खडे सगळं तिथे जातं. ते अडवायचं हे एक काम. दुसरं, ब्रेकची उष्णता मागच्या बॉल जॉइंटच्या रबरापर्यंत थेट जाऊ द्यायची नाही. पत्रा नसला म्हणून ब्रेक लगेच फेल होत नाहीत. पण डिस्कची आतली बाजू आधी झिजते, आणि ती वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही.

पण हा गंजला कसा? लातूर काही कोकण नाही. २०१६ साली तर आम्हाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, १० वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात अण्णा गाडी कोरड्या फडक्याने पुसायचे, तेही आठवड्यातून एकदा.

मिस्त्रीने स्क्रू ड्रायव्हरने पत्र्यामागची माती खरवडली. आपली काळी माती, एकदा चिकटली की सिमेंट, आणि ओल धरून ठेवणार. "गाडी उभी असती का हो?" त्याने अण्णांना विचारलं.

"रोज धुतो मी," अण्णा म्हणाले.

"धुता हो. चालवत नाही."

अण्णा काहीच बोलले नाहीत. दाराच्या कडेला मागच्या सर्व्हिसिंगचा कागद चिकटवलेला होता. मी मीटरशी ताडून पाहिलं. वर्षभरात जेमतेम सहाशे किलोमीटर. नांदेडची एक जाऊन-येऊन खेप पावणेतीनशेच्या पुढे जाते, आणि आई होती तेव्हा ही दोघं दर महिन्याला ताईकडे यायची. फोनवर मी दर रविवारी विचारायचो, गाडी कशी आहे? "मस्त आहे." खोटं नव्हतं. बाहेरून चकचकीतच होती. रोज सकाळी बोअरच्या जड पाण्याच्या दोन बादल्या, आणि मग दिवसभर उभी. चालली असती तर ब्रेकच्या उष्णतेने पाणी वाळलं असतं.

मी मिस्त्रीला म्हणालो, नवा टाका. दोन्ही बाजूंना.

पत्रा स्वस्त, पण तिथवर पोहोचणं महाग. चाक, कॅलिपर (तारेने वर बांधून ठेवायचा, ब्रेकच्या पाइपवर लटकू द्यायचा नाही), डिस्क, मग ड्राइव्ह शाफ्टचा नट काढून पुलर लावून हब ओढायचा. हब निघताना बेअरिंगची आतली रिंग त्याच्याबरोबर येते, म्हणजे बेअरिंगही नवंच. ते प्रेसवर बसवून घ्यायचं. मग चार बोल्टांचा हा पत्रा! त्यात डावा नांदेडला मिळाला, उजवा नाही. तो लातूरहून एसटीच्या पार्सलने मागवला. दोन दिवस गेले. खर्च ऐकून दाजी हसले. मीही हसलो, काय करणार.

भाच्याने जुना पत्रा हातात धरून विचारलं, "मामा, हीच का तुमची गंजगोलाई?" लातूरची सोळा रस्त्यांची गोल बाजारपेठ त्याला ठाऊक आहे. त्या दोन दिवसांत अण्णा पहिल्यांदा खळखळून हसले ते तेव्हा.

परत निघताना मी किल्ली त्यांच्यापुढे धरली. "तू चालव की," म्हणाले. मी शेजारच्या सीटवर जाऊन बसलो. लोह्यापर्यंत चाळीसच्या पुढे गेले नाहीत, मागचे हॉर्न वाजवत होते. अहमदपूरनंतर साठ. डोळे ठीक आहेत, हात ठीक आहेत. एकट्याने कुठे जायचं, एवढंच त्यांना सुचत नव्हतं बहुतेक. मी कधी विचारलंही नव्हतं.

विकायचा विषय मी परत काढला नाही. गाडी आठवड्यातून दोनदाच धुवायची आणि धुतली की फिरवून आणायची, एवढंच ठरवून पुण्याला आलो.

काल सकाळी फोन आला. "चाकूरपर्यंत जाऊन आलो. आवाज नाही."

"एकटेच गेलात?"

"मग काय, गाडी होती की सोबत."