एकसष्टचं उत्तर

चाळीसगाव

चि. सायली,

भास्कराचार्यांचं मोठेपण नेमकं कशात, असं तू विचारलंस. एकाच आकड्यावरून सांगतो: १७६६३१९०४९. म्हणजे एकशे शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास.

‘बीजगणिता’त त्यांनी विचारलंय, असा कोणता वर्ग, की ज्याला ६१ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा वर्गच येतो? ६१ ऐवजी ६० असते तर ४ वर भागलं असतं: १६ गुणिले ६० अधिक १, म्हणजे ९६१, ३१ चा वर्ग. ६२ ला ८ पुरतात. मधल्या ६१ ला मात्र सर्वांत लहान संख्या लागते २२६१५३९८०, आणि येणाऱ्या वर्गाचं मूळ म्हणजे वरचा आकडा. एकेक संख्या लावून बघायची म्हटली तर जन्म पुरणार नाही.

त्यांनी चक्रवाल पद्धत वापरली. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ पेक्षा ३ जास्त. हा ३ म्हणजे क्षेप. आता अशी संख्या घ्यायची, की तिच्यात ८ मिळवले तर बेरजेला ३ ने भाग जावा आणि तिचा वर्ग ६१ च्या जवळ असावा. ती ७. त्यावरून ३९ आणि ५ मिळतात: ३९ चा वर्ग १५२१, ६१ गुणिले २५ म्हणजे १५२५. चारच कमी! इथून पुढे ब्रह्मगुप्तांची ‘भावना’, म्हणजे अशा जोड्या एकमेकींशी गुणून नवी जोडी काढायची रीत, लावली, की २९७१८ आणि ३८०५ येतात. आता फक्त १ कमी. पुन्हा एकदा भावना, की उत्तर हातात. कागदाची एक बाजूही भरत नाही.

त्या आकड्याची एक गंमत स्वतः करून बघ. त्यातून १ वजा करून निम्मे कर: ८८३१५९५२४, हा २९७१८ चा वर्ग. १ मिळवून निम्मे कर: ८८३१५९५२५, म्हणजे ३८०५ च्या वर्गाची ६१ पट. दोघे अगदी शेजारी!

चक्रवाल पद्धत भास्कराचार्यांच्या आधी जयदेव या गणितज्ञांनाही माहीत होती. १०७३ च्या एका टीकेत त्यांचे श्लोक आहेत. तिकडे फ्रान्समध्ये फर्माने हाच ६१ चा प्रश्न १६५७ मध्ये घातला. भास्कराचार्यांचा ग्रंथ ११५० च्या सुमाराचा, म्हणजे पाचशे वर्षं आधीचा. हे आपल्याकडच्या प्रत्येक शाळेत फळ्यावर सोडवून दाखवायला हवं.

भास्कराचार्यांची एक खूण तर जवळच आहे: पाटणादेवी इथून अठरा-वीस किलोमीटर. तिथला शिलालेख भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांच्या मठाचा, शके ११२८ चा. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी हा मठ. लेखाचा शेवट त्या काळच्या मराठीत आहे: तिथल्या पाटण गावात विकायला येणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारं उत्पन्न मठाला दिलं, आणि दर घाण्यामागे पळीभर तेल. गणिताच्या शिक्षणाचा खर्च बाजारपेठेने उचलला होता, सायली!

सुट्टीत धुळ्याहून गाडीने ये, लेख दाखवतो. तोवर त्याच श्लोकातलं ६७ चं गणित घे. सुरुवात ८ पासूनच. इथे ३ कमी पडतात. पुढच्या पायऱ्या लिहून पाठव. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा