हाडातला हिशेब

राजेहो, आपल्या भागात एखादा जीवाश्म सापडला की बातमीत एकच आकडा असतो, इतक्या कोटी वर्षांचा! दोन दिवस फोटो फिरतात, मग तो दगड कोणाच्या तरी शोकेसमध्ये जातो नाहीतर गिट्टी खदानीत. वयाचं महत्त्व आहेच. पण मला वाटतं, आधी विचारायला पाहिजे की त्यात आहे काय.

हे पाहायचं यंत्र आता हातात मावतं. एक्सआरएफ म्हणतात, दिसायला ड्रिल मशीनसारखं. सोन्याचा कॅरेट तपासायला सराफाकडे जे मशीन असतं, तेही याच तत्त्वावर चालतं. क्ष-किरण पडले की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण परत फेकतात, लोखंडाचे वेगळे, कॅल्शियमचे वेगळे. मिनिटभरात यादी पडद्यावर. दगड फोडायची गरज नाही. क्ष-किरणांचं काम असल्यानं प्रशिक्षण आणि परवानगी मात्र लागते, खेळणं नाही ते.

वणीकडून वर्धा नदी ओलांडली की वरोरा तालुका, तिथलं पिसदुरा. डायनासोरची हाडं आणि दगड झालेली विष्ठा दोन्ही तिथं मिळाली. त्या विष्ठेत गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण निघाले, २००५ साली ते प्रसिद्ध झालं आणि जगभर गाजलं. ते काम सूक्ष्मदर्शकाचं होतं. पण अशा जागी एक्सआरएफ असलं तर पहिली चाळणी धुऱ्यावरच होते. कॅल्शियमसोबत भरपूर फॉस्फरस दिसला तर बहुधा हाड, नुसतं कॅल्शियम असेल तर बहुधा चुनखडी. स्ट्रॉन्शियम, इट्रियम, लोह, मँगनीज किती, यावरून त्या हाडानं जमिनीतल्या पाण्यातून काय काय शोषलं तेही कळतं. वय मात्र हे यंत्र सांगत नाही. आणि वाचतं ते फक्त वरचा पापुद्रा, त्यामुळे माती-गंज चढलेला दगड फसवू शकतो.

एक गोष्ट तर त्याला दिसतच नाही. फ्लोरिन! इतकं हलकं मूलद्रव्य की त्याचा क्ष-किरण हवेतच विरतो. आणि पुरलेलं हाड पाण्यातून जे हमखास घेतं, ते हेच. हाडाच्या खनिजातला हायड्रॉक्सिल जातो, त्याच्या जागी फ्लोराइड बसतं. इंग्लंडातल्या पिल्टडाउनच्या 'आदिमानवा'ची लबाडी १९५३ साली उघडी पडली, त्यात हाडांतल्या फ्लोरिनच्या मोजणीचा मोठा वाटा होता. ते हाडं जुनी दिसावीत म्हणून रंगवली होती, त्यातलं क्रोमियम क्ष-किरणांनी पकडलं.

आता आपल्याकडे या. झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवडा या पट्ट्यात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पुरलेल्या हाडात जी अदलाबदल होते, तीच इथं जिवंत माणसाच्या हाडात चालू आहे. पोरांच्या दातांवर डाग, म्हाताऱ्यांचे गुडघे आणि कंबर आखडलेली. कोलाम पोडावरच्या बाईला "पाणी उकळून प्या" म्हणणारे भेटतात तेव्हा राग येतो. उकळल्यानं फ्लोराइड जात नाही, पाणी आटून उलट दाट होतं. मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅम ठीक, दुसरा स्रोत नसेल तर फार तर १.५.

म्हणून माझी मागणी जोडीची आहे. जिल्ह्यातल्या एखाद्या विज्ञान महाविद्यालयात एक एक्सआरएफ द्या, म्हणजे सापडलेला दगड खदानीत जायच्या आधी वाचला जाईल. आणि त्याच टेबलावर फ्लोराइड मोजायचं मीटर ठेवा, ते तर कितीतरी स्वस्त पडतं. गावोगावच्या बोअरचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तिथं तपासा, आकडा हातपंपावरच रंगानं लिहा.

येत्या ग्रामसभेत मी हे लेखी देतोय. तुमच्या गावच्या बोअरचा आकडा माहीत असेल तर गावाच्या नावासकट कळवा, अर्जाला जोडतो.