मूळ आवाजाची संहिता

कळंबच्या खाऱ्या हवेत लोखंड फार काळ टिकत नाही. वडिलांच्या पश्चात त्यांच्या प्रीमियर पद्मिनीचा पत्रा आम्ही दोनदा बदलला. गाडीबरोबर आलेला मध्यमलहरींचा रेडिओ मात्र मुकाच होता. जुन्या खोक्यात नवे ब्लूटूथ यंत्र बसवावे, बाहेरून कुणाला कळणारही नाही, असा सल्ला अनेकांनी दिला. पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना हा मोह परिचित असेल: पोथीतील झिजलेली ओळ सोयीच्या शब्दांनी भरून काढण्याचा.

आम्ही सुकलेले कपॅसिटर तेवढे बदलले, सुटलेल्या तारांना नव्याने डाख दिला. ट्रान्झिस्टर आणि स्पीकर मूळचेच राखले. काढलेले भाग डबीत जपले आहेत, कारण संपादकाने आपली दुरुस्ती लपवू नये.

कुर्ल्यात घडलेल्या या गाड्यांपैकी मुंबईतील शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. संग्रहालयांत त्यांची रूपे उरतील, आवाजाचे काय? इंजिन सुरू होताच त्यातील ठिणग्यांची खरखर रेडिओत उतरते. वडिलांनी बातम्या ऐकल्या त्या या खरखरीसकट. ती गाळली, तर ऐकू येईल ते अधिक स्वच्छ असेल, पण ते त्यांचे ऐकणे नसेल. म्हणून आम्ही ती राहू दिली.