एक पूर्ण मिनिट

माझं माहेर निपाणीचं. लग्न होऊन बडोद्याला आले त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. दांडिया बाजारात घर आणि गावातल्याच एका हॉस्पिटलात नर्सची नोकरी. त्यातली शेवटची बारा वर्षं आयसीयूत. इतकी वर्षं या कामात काढली की माणसाला वाटू लागतं, आता आपल्याला शिकवणारं कुणी उरलेलं नाही. नवे डॉक्टर येतात, शीर सापडली नाही की हळूच म्हणतात, "बेन, जरा जुओ ने." मग मान ताठ होते. खोटं कशाला सांगू?

माझी धाकटी बहीणही नर्सच. लग्नानंतर ती अमेरिकेत न्यू जर्सीला गेली, तिकडची परीक्षा दिली, पुढे शिकून 'नर्स प्रॅक्टिशनर' झाली. हा प्रकार आपल्याकडे फारसा माहीत नाही. १९६५ साली कोलोराडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या नर्सबाई आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी तो सुरू केला. अशी नर्स पेशंट तपासते, चाचण्या सांगते, औषधंही लिहून देते. त्यात डॉक्टरची देखरेख किती, हे तिथलं प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं.

बहीण होती 'फॅमिली' शाखेची. म्हणजे दवाखान्यात येणारे मधुमेहाचे, रक्तदाबाचे पेशंट बघायचे. पुढे ती मोठ्या इस्पितळात काम करू लागली आणि अडचण आली. २००८ पासून तिकडे असं ठरलं आहे, की तुम्ही कोणत्या आजाऱ्यांसाठी शिकलात त्यावर तुमच्या कामाची हद्द ठरते. अत्यवस्थ पेशंट बघायचे तर 'अ‍ॅक्युट केअर'चं वेगळं प्रमाणपत्र हवं. एम.ए. झालेल्याला पुन्हा एम.ए. करायला लावत नाहीत, तसं तिलाही सगळं पहिल्यापासून करायचं नव्हतं. वर्ष-दीड वर्षाचा अभ्यास, व्याख्यानं घरबसल्या संगणकावर. मात्र त्यासोबत शेकडो तास प्रत्यक्ष इस्पितळात, जाणकाराच्या हाताखाली.

सेहेचाळिसाव्या वर्षी तिने नाव घातलं. मी फोनवर हसले होते. "अगं, पेशंटला हात न लावता संगणकावर कसली नर्सिंग शिकतेस?"

ती म्हणाली, "अक्का, तूही पोस्टाने आलेल्या पुस्तकांवर शिकलीसच की!"

ते खरं होतं. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने १९९४ मध्ये नोकरी करणाऱ्या नर्सेससाठी दूरशिक्षणाने पदवी सुरू केली. माझी पदवी तीच. रात्रपाळी करून, मुलाला मांडीवर घेऊन ती पुस्तकं मी वाचली आहेत. पण ते जुनं झालं. आपण आता अनुभवी, असा माझा तोरा होता.

तो उतरला २०२३ च्या पावसाळ्यात. आई तेव्हा माझ्याकडे राहायला आली होती. वय चौऱ्याहत्तर. दोन दिवस तिला लघवीला जळजळ होत होती, जेवण उतरत नव्हतं. ताप नव्हता. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या मुलाला मामाच्या नावाने हाक मारली. आम्ही सगळे हसलो. म्हटलं, वय झालं, हवा दमट आहे, पाणी कमी पिते.

रात्री साडेनऊला बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपारचे बारा. आईकडे बघत ती गप्प झाली. मग म्हणाली, "अक्का, आईचा श्वास किती आहे?"

"असेल वीस."

"असेल नको. मोज. पूर्ण एक मिनिट."

मला राग आला. सत्तावीस वर्षं नोकरी झालेल्या बाईला ही श्वास मोजायला सांगते! पण आईच्या पोटाकडे बघत, घड्याळ धरून मोजले. अठ्ठावीस.

रक्तदाब घेतला तर वरचा अठ्ठ्याण्णव. पुढे तिने काही सांगायची गरज नव्हती. रिक्षा बोलावली. रात्री अकराच्या आत आईला सलाइन आणि अँटिबायोटिक सुरू झालं. लघवीतला जंतुसंसर्ग रक्तात उतरू लागला होता. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असतात तर सांगता आलं नसतं.

नंतर बहिणीने सांगितलं, त्याच आठवड्यात तिचा सेप्सिसचा धडा चालू होता. २०१६ मध्ये तज्ज्ञांनी तीन सोप्या खुणा सांगितल्या: श्वास मिनिटाला बावीस किंवा जास्त, वरचा रक्तदाब शंभर किंवा कमी, आणि बोलण्या-वागण्यात गोंधळ. तिन्हींपैकी दोन दिसल्या की सावध व्हायचं. २०२१ मध्ये असंही सांगितलं गेलं, की एवढ्यावरच विसंबून राहू नका. पण माझ्या आईत तर तिन्ही होत्या. म्हाताऱ्या माणसांना जंतुसंसर्गात ताप येईलच असं नाही, हेही मला माहीत होतं. माहीत असणं आणि वेळेवर आठवणं यात किती अंतर असतं, ते त्या रात्री कळलं.

आता कबुली देते. वॉर्डात टीपीआर चार्ट भरताना नाडी बघतो, ताप बघतो, पण श्वासाच्या रकान्यात हात आपोआप 'वीस' लिहितो. वर्षानुवर्षं मी तेच केलं. आयसीयूत मॉनिटर श्वास मोजतो, म्हणून माझी सवय आणखी बिघडली. चार्ट बघाल तर वाटेल, सगळे पेशंट एकाच तालावर श्वास घेतात! अनुभवाने माझा हात चलाख झाला होता, आणि त्याच अनुभवाने मला आळशीही केलं होतं.

मात्र ही गोष्ट एकतर्फी नाही. बहिणीचे प्रत्यक्ष कामाचे तास सुरू झाले, तेव्हा पहिल्याच रात्रीनंतर ती फोनवर रडली. "पडद्यावर सगळं समजत होतं गं. पेशंटच्या उशाशी उभी राहिले तर हात थरथरले." मग तिने विचारलं, "मॉनिटरवर सगळं ठीक असताना पेशंट बिघडतोय हे तुला कसं कळतं?"

मी विचार करून सांगितलं, पायाला हात लाव. गार आहे का बघ. चादर सारखी ओढतोय का, काल बोलत होता आणि आज नुसता बघतोय का, ते बघ. आणि नातेवाईक म्हणाले, 'आज हे वेगळे वाटतात,' तर त्यांचं ऐक. हे सांगताना माझीच जीभ अडखळली. आईच्या वेळी नातेवाईक मीच होते आणि मीच हसले होते.

आता तुम्ही विचाराल, आपल्याकडे असं काही शिकता येतं का? येतं. भारतीय परिचर्या परिषदेचा क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातही नर्स प्रॅक्टिशनर घडवण्याचा उल्लेख आहे. पण तो अभ्यास घरबसल्या होत नाही, इस्पितळात राहून काम करतच शिकावं लागतं. मी चौकशी केली. पन्नाशीत, घरचा हप्ता चालू असताना, दोन वर्षं त्यात घालणं मला जमण्यासारखं नव्हतं. वाईट वाटलं. माझ्यासारख्या कितीतरी जणी वर्षानुवर्षं आयसीयू सांभाळतात, आणि पुढे शिकायचं म्हटलं की संसार मध्ये उभा राहतो. अशा अनुभवी बायकांसाठी धडे घरी आणि हाताचं काम आपल्याच इस्पितळात, अशी काही सोय हवी, असं मनापासून वाटतं.

ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठवून फिरती वाचनालयं चालवली, तिथे बसून 'घरबसल्या कसलं शिक्षण' म्हणून मी हसले होते, याची आता लाज वाटते.

मी एक छोटा ऑनलाइन अभ्यासक्रम केला. त्याने पगार वाढला नाही की पदही नाही. पण आता ड्युटी बदलताना हँडओव्हर घेते, तेव्हा नव्या मुलींना घड्याळ काढायला लावते. एक पूर्ण मिनिट, गप्प उभं राहून. पहिल्यांदा त्या एकमेकींकडे बघून हसतात. मी त्यांना आईची गोष्ट सांगते.

आई बरी होऊन निपाणीला गेली. शेजारणींना ती सांगते, "माझ्या दोन मुली. एक अमेरिकेतून मोजायला सांगते आणि दुसरी मोजते."