चार चौकोन

लासलगावात राहणाऱ्या माणसाला 'निवड' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. खळ्यावर बायका कांद्याच्या ढिगाभोवती बसलेल्या असतात. गोल्टी एकीकडे, मोठा माल दुसरीकडे, सडका तिसरीकडे, असे त्यांचे हात बोलण्यात खंड न पडू देता चालू असतात. डार्विनने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हाच शब्द योजला. प्राणिशास्त्र शिकविताना मी आजवर ह्या खळ्याचाच दाखला देत आलो. दाखला सोपा आहे, मुलांना आवडतो, आणि आता कबूल करावयास हरकत नाही, तो खोटा आहे. खळ्यावर निवडणारा हात असतो. निसर्गात तो नाही. कोण जगले आणि कोणाला मुलेबाळे झाली, ह्याचा मागाहून निघालेला हिशेब म्हणजेच तेथली निवड.

हे मला ठाऊक नव्हते असे नाही; पण ठाऊक असणे निराळे. माझे आवडते उदाहरण आपल्या काळ्या तोंडाच्या वानराचे. ते पाला खाते. त्याच्या जठराच्या पहिल्या भागात जिवाणू तो पाला आंबवितात, आणि पुढे त्या जिवाणूंनाच फोडून वानर आपले पोषण मिळविते. फोडण्याचे हे काम करणारे लायसोझाइम नावाचे प्रथिन १९८७ साली तपासले गेले, तेव्हा त्यात झालेले काही बदल गाईच्या प्रथिनातील बदलांशी जुळत असल्याचे दिसून आले. नात्याने वानर आपल्या जवळचे, गाय कितीतरी दूरची; परंतु दोघांचा आहार एका जातीचा झाला आणि दोघांची पोटे एकाच वाटेने गेली! अशी उदाहरणे सांगताना शिक्षकाला मोठा आनंद होतो. त्यांत कोणी मेलेले दिसत नाही, हेही त्याचे एक कारण असावे.

गेल्या पौषात, उन्हाळ कांद्याची लागण चालू असताना, मी वानरावरून माणसावर आलो आणि वर्गात सिकलसेलची गोष्ट सांगितली. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. एवढाच काय तो फरक. आई आणि बाप दोघांकडूनही तो आला तर रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, हाडे ठणकतात, आणि पुष्कळ मुले लवकर जातात. मात्र एकाकडूनच आला तर माणूस बहुधा धडधाकट राहतो, आणि वर त्याला तीव्र हिवतापापासून बरेचसे संरक्षण मिळते. आफ्रिकेत ॲलिसनने १९५४ साली हे दाखवून दिले. तत्पूर्वी, १९४९ मध्येच, हाल्डेनने रक्ताच्या दुसऱ्या एका रोगासंबंधी असाच तर्क मांडला होता. हा हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात येऊन राहिला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला, हेही मी मुलांना आवर्जून सांगतो. आपल्याकडे भिल्ल, पावरा, गोंड, कोकणा अशा जमातींत हा गुण आढळतो. ह्या जमाती पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाच्या रानात राहिल्या. डांगच्या जंगलातील तापाला तर इंग्रज अधिकारीही भीत. "निसर्गाने लढविलेली ही एक नामी युक्ती आहे," असे म्हणून मी तास संपविला.

संध्याकाळी एक विद्यार्थी घरी आला. सुरगाण्याकडचा, कोकणा. घरची माणसे लागणीच्या कामाला इकडेच आलेली, आणि हा सुटीच्या दिवशी त्यांच्याबरोबर वाफ्यात उतरणारा. त्याने खिशातून घडी घातलेले कार्ड काढले. आरोग्य शिबिरात मिळालेले होते. त्यावर तो 'वाहक' असल्याचे लिहिले होते.

"सर, तुम्ही युक्ती म्हणालात," तो म्हणाला, "माझी बहीण त्यातच गेली. एकोणीस वर्षांची होती."

मी काय बोलणार? हिशेब माझ्यापाशी तयार होता. रानात हिवताप होता तोवर दोन्हींकडून निरोगी अंश घेतलेली पोरे तापाने जात, दोन्हींकडून वाकडा अंश घेतलेली ह्या रोगाने जात, आणि मधली तगून राहत. त्या मधल्यांच्या जगण्याची किंमत ही पोर भरून गेली होती. आता औषधे आली, हिवताप पुष्कळ हटला. लाभ ओसरला आणि किंमत तेवढी राहिली, कारण रक्तातून असा अंश जावयास कितीतरी पिढ्या लागतात. सरकारने २०२३ साली ह्या रोगाच्या निर्मूलनाची मोहीम काढली आणि तिला २०४७ ची मुदत घातली, ती ह्या दृष्टीने शहाणपणाचीच म्हणावी लागेल. पण हे सारे त्या मुलाला ऐकवावे असे माझ्याने होईना.

तो मात्र सांत्वनासाठी आलेलाच नव्हता. त्याचे लग्न ठरले होते, आणि मुलीच्या कार्डावरही तेच लिहिलेले होते. घरच्यांना ही देवाची इच्छा वाटत होती. लग्न मोडावयास कोणी तयार नव्हते, तोही नव्हता. मी त्याला म्हटले, "तिला घेऊन ये."

चार दिवसांनी दोघे आली. मुलगी ओट्यावर खाली मान घालून बसली. हाताशी दुसरा कागद नव्हता, म्हणून कांद्याच्या एका जुन्या हिशेबपट्टीच्या पाठीवर मी चार चौकोन काढले: एकात निरोगी मूल, दोनांत वाहक, एकात आजारी. गर्भ लहान असतानाच तपासणी करता येते, त्यासाठी आधी जिल्हा रुग्णालयात जाऊन सल्ला घ्यावा, हेही सांगितले. वर्गात हे चौकोन मी शेकडो वेळा काढले असतील. तेथे त्यांत मी मुले भरत नाही, अक्षरे भरतो.

मुलीने प्रथमच मान वर केली. "म्हणजे चौथं मूल तसं होणार का, सर?"

"नाही ग. दर खेपेला चारांत एक. आधी काय झाले ह्याच्याशी त्याचा संबंध नाही."

"मग पहिलंच असलं तर?"

"पहिलेही असू शकते," मी म्हणालो.

तिने हिशेबपट्टी माझ्या हातातून घेतली, चौकोनांवरून एकदा बोट फिरविले, आणि नीट घडी करून ती आपल्या पिशवीत कार्डापाशी ठेवली. मग तिने त्याला जिल्हा रुग्णालयाकडे जाणारी एस. टी. किती वाजता आहे ते विचारले.